तुम्ही विचारलंत म्हणून: रोची हाइट आपोआप का वाढत नाही

एप्रिल आला की फोन सुरू होतात. सर, एक्सेलमधल्या प्रगतीपत्रकात मुलाची वर्णनात्मक नोंद टाकली पण सेलमध्ये (चौकटीत) अर्धीच दिसतेय, रो म्हणजे आडवी ओळ आपोआप मोठी होत नाही, प्रत्येक वेळी माउसने ओढत बसायचं का? आमच्या शाळांच्या केंद्रात तंत्रस्नेही शिक्षक म्हणून माझं नाव आहे त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी म्हणजे ओढू नका. एक्सेलमधली रो मुळात वाढणारीच असते, होम टॅबमध्ये रॅप टेक्स्ट चालू केलं की मजकूर कॉलमच्या रुंदीत मोडून खाली येतो आणि रो तेवढी उंच होते. पण तुम्ही एकदा जरी ती हाताने ओढलीत किंवा रो हाइटमध्ये आकडा टाकलात की ती तेवढ्यावरच अडकते, मग पुढे पाच ओळी लिहा नाहीतर दहा. इंग्रजीच्या अंदाजाने १५ पॉइंट ठेवलेली रो तर मराठीला एका ओळीतही पुरत नाही, मंगल फॉन्ट असेल तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार जातो. उपाय सोपा आहे, सगळ्या रो सिलेक्ट करा आणि डावीकडे नंबर असतात तिथे सिलेक्ट केलेल्या कुठल्याही नंबरच्या खालच्या रेघेवर डबल क्लिक करा, यालाच ऑटोफिट म्हणतात. किंवा कीबोर्डवर एकामागोमाग ऑल्ट, मग एच, ओ, ए. गूगल शीट्समध्ये रोच्या नंबरवर राइट क्लिक करून रिसाइझ, त्यात फिट टू डेटा.

एवढं करूनही होत नाही म्हणाले की मी फाइल मागवतो, आणि बहुतेक वेळा मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले सेल निघतात. मर्ज सेलमधला मजकूर ऑटोफिट मोजतच नाही, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. आपली प्रगतीपत्रकाची फाइल तर दोन्हीकडून अडते, नोंदीची जागा मर्ज केलेली आणि हजेरी क्रमांक टाकला की नोंद व्हीलुकअपने, म्हणजे दुसऱ्या शीटमधून शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने येणार, आणि फॉर्म्युल्याचं उत्तर बदललं तरी रो आपणहून वाढत नाही.

माझ्या हातून हेच झालं होतं. एका मुलाच्या पत्रकावर छापून गेलं, ‘गणितात लेखी उदाहरणे सोडवताना चुकतो’. त्याखाली मी लिहिलं होतं, ‘पण तोंडी हिशोब अचूक व झटपट करतो’. ती ओळ कापली गेली. त्याचे वडील भाजी विकतात, पोरगा सुट्टीत गाडीवर बसून गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देतो, ते कागद घेऊन आले आणि म्हणाले, गुरुजी, एवढंच दिसलं का हो तुम्हाला? मी नोंदींची शीट उघडून त्यांना पूर्ण वाक्य दाखवलं आणि पत्रक परत छापून दिलं, पण मुलाने घरी पहिलं वाचलं ते अर्धंच वाक्य.

तेव्हापासून मी असं करतो. प्रिंट एरियाच्या, म्हणजे छापल्या जाणाऱ्या भागाच्या बाहेर, उजवीकडे एक रिकामा कॉलम घेतो, मर्ज केलेल्या सगळ्या कॉलमची रुंदी मिळून जेवढी होते त्यापेक्षा किंचित कमी रुंद, त्याच रोमध्ये बरोबरचं चिन्ह (=) देऊन तीच नोंद आणतो, फॉन्ट आणि साइज तीच, रॅप टेक्स्ट चालू. हा सेल मर्ज नसल्यामुळे ऑटोफिट त्याला मोजतो आणि सगळी रो तेवढी उंच होते. मात्र क्रमांक बदलला की ऑटोफिट परत द्यायचं, ऑल्ट, एच, ओ, ए. दर वेळी हाताने द्यायला नको असेल तर Rows.AutoFit चा छोटा मॅक्रो, म्हणजे हे काम आपोआप करणारा कोड, लावता येतो, फक्त फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा. नुसत्या शीर्षकांसाठी मर्ज करूच नका, फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटला सेंटर अक्रॉस सिलेक्शन आहे, दिसायला तेच. आणि एका रोची कमाल हाइट ४०९ पॉइंट, त्यापुढे ती जातच नाही, तेव्हा फार लांब नोंद दोन रोत विभागा.

स्क्रीनवर पूर्ण दिसणारी शेवटची ओळ कागदावर कधी कधी कापली जाते. म्हणून मी अक्षरं मोजणाऱ्या लेन (LEN) फॉर्म्युल्याने वर्गातली सगळ्यात लांब नोंद शोधतो आणि आधी त्याच मुलाचं पत्रक छापून बघतो.