6 जीबीपीएस तर दोन्ही पोर्ट्सवर लिहिलंय, मग स्पीड वेगळा का

जुन्या पीसीत एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी ड्राईव्ह) टाकली की मशीन पळायला लागतं हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण ती नक्की कुठल्या पोर्टला लावली याकडे फार कोणी बघत नाही, आणि बघितलं तरी मदरबोर्डवर जिथे 6 जीबीपीएस (सेकंदाला 6 गिगाबिट) छापलेलं दिसतं तिथे केबल खुपसून मोकळे होतात. माझ्याकडे एक 2011 च्या सुमाराचा बोर्ड अजून चालू आहे, इंटेलच्या 6 सिरीज चिपसेटचा (चिपसेट म्हणजे ड्राईव्ह, यूएसबी वगैरे प्रोसेसरशी जोडणारी बोर्डवरची मुख्य चिप). या प्रकारच्या तुलनेसाठी तो एकदम बेस्ट, कारण त्यावर तीन जातींची साटा पोर्ट्स (ड्राईव्ह जोडायची) आहेत. चिपसेटची स्वतःची सहा, त्यातली दोनच 6 गिगाबिटची आणि उरलेली चार 3 गिगाबिटची, आणि शिवाय बोर्ड बनवणाऱ्याने बाजूला एक वेगळा साटा कंट्रोलर (ड्राईव्ह सांभाळणारी चिप) चिकटवून आणखी दोन 6 गिगाबिटची पोर्ट्स दिलीत, म्हणजे खोक्यावर "चार 6 जीबीपीएस पोर्ट्स" असं मोठ्ठं छापता येतं.

तर तीच एसएसडी, तीच केबल, तेच विंडोज, फक्त पोर्ट बदलायचं आणि आकडे बघायचे.

सलग मोठी फाईल वाचताना चिपसेटच्या 6 गिगाबिट पोर्टवर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास मिळतात, 3 गिगाबिटवर पावणेतीनशेच्या आत. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणेच, कारण साटामध्ये 8 बिट डेटासाठी तारेवरून 10 बिट जातात, म्हणून 6 गिगाबिटचे जास्तीत जास्त 600 एमबी आणि 3 गिगाबिटचे 300, त्यातून थोडं प्रोटोकॉल खातं. गंमत तिसऱ्या पोर्टची. त्यावरही 6 गिगाबिटच लिहिलंय, लिनक्स बूट केलं तर लॉगमध्येही सरळ "साटा लिंक अप 6.0 जीबीपीएस" असंच येतं, पण आकडा चारशेच्या पुढे काही सरकत नाही.

आणि यात कोणी खोटं बोलत नाहीये बरं का. एसएसडी ते कंट्रोलर ही लिंक खरोखरच 6 गिगाबिटची आहे. पण त्या कंट्रोलरला पुढे चिपसेटपर्यंत जायला पीसीआय एक्सप्रेस 2.0 (बोर्डवरच्या चिप्स आणि कार्डं जोडणारा रस्ता) ची एकच लेन दिलेली असते, आणि त्या एका लेनचे कागदावरच 500 एमबी होतात, त्यातून पॅकेटचे हेडर वगैरे वजा जाता हातात चारशेच्या आसपास. म्हणजे नळ मोठा बसवलाय पण मागचा पाईप बारीक. एएसमीडियाचा एएसएम 1061 हा त्या काळात ढीगभर बोर्डांवर दिसायचा, तो असाच एका लेनचा आणि दोन पोर्ट्सचा, म्हणजे दोन्हीकडे एसएसडी लावल्या आणि दोघींवरून एकाच वेळी वाचत बसलात तर तीच लेन दोघींत वाटली जाणार.

पण मोठ्या फाईलचा स्पीड हा तसा दिखाऊ आकडा आहे असं माझं मत. रोजच्या वापरात मशीन सुस्त वाटतं की चपळ ते ठरतं 4के रँडममध्ये, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले 4 केबीचे छोटे तुकडे वाचण्यात, आणि तेही क्यू डेप्थ 1 ला, म्हणजे एक मागणी पूर्ण झाली की मगच दुसरी. तिथे साटा एसएसडी साधारण 25 ते 35 एमबी देते, आणि हा आकडा बघितला की लक्षात येतं की 300 काय आणि 600 काय, पोर्टची मर्यादा इथे लागतच नाही, लागतो तो लेटन्सीचा, म्हणजे मागणीला उत्तर यायला किती वेळ लागतो त्याचा प्रश्न. एक्स्ट्रा कंट्रोलरवर प्रत्येक मागणीला एक टप्पा जास्त पार करावा लागतो, त्यामुळे माझ्या बोर्डवर तरी चिपसेटचं "स्लो" 3 गिगाबिट पोर्ट 4के मध्ये त्या 6 गिगाबिटवाल्याच्या पुढे असतं. सिनेमे इकडून तिकडे टाकायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण विंडोज ज्या ड्राईव्हवर आहे तो मी डोळे झाकून चिपसेटलाच लावीन.

मोजताना आधी साटाचा मोड, म्हणजे ड्राईव्हशी बोलायची पद्धत, बघा. एएस एसएसडी नावाचं छोटं टूल आहे, त्यात डावीकडे वर ड्रायव्हरचं नाव दिसतं, त्याच्यापुढे हिरव्यात ओके आलं तर ठीक, पण "पीसीआयआयडीई" आणि पुढे लाल बॅड दिसलं तर समजा बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) साटा अजून जुन्या आयडीई मोडवर आहे. मग एनसीक्यू नाही, म्हणजे एका वेळी 32 मागण्या रांगेत लावायची जी सोय एएचसीआय या नव्या मोडमध्ये असते ती गेलीच, आणि 64 थ्रेडवाली 4के टेस्ट जवळपास एका थ्रेडएवढीच येते. आधीचं विंडोज तसंच ठेवून बायोसमध्ये थेट मोड बदलला तर निळी स्क्रीन येऊ शकते, आधी विंडोजमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर चालू करून घ्यावा लागतो. आणि हो, दुसऱ्या टेस्ट टूलचे म्हणजे अ‍ॅटोचे आकडे एएस एसएसडीशी लावू नका, जुन्या सँडफोर्स कंट्रोलर चिपवाल्या एसएसडी डेटा आतल्या आत कॉम्प्रेस करतात आणि अ‍ॅटोचा डेटा पटकन कॉम्प्रेस होणारा असतो, त्यामुळे तिथे त्या उगाच हिरो दिसतात.

एक्स्ट्रा कंट्रोलरला मी बॅकअपची हार्ड डिस्क लावलीय, ती फिरणारी तबकडी तशीही चारशेच्या जवळपास जात नाही. तिथे काहीच लावायचं नसेल तर बायोसमधून तो बंदच करा, त्याचा ऑप्शन रॉम (कंट्रोलरचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम) पीसी चालू होताना दरवेळी ड्राईव्ह शोधत बसतो, तेवढा वेळ वाचतो.

नवीन बोर्डवर एनव्हीएमई (साटाऐवजी थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) आलं म्हणून हे सगळं संपलं असं वाटत असेल तर तसं नाहीये. एएमडीच्या बी550 चिपसेटच्या बोर्डवर पहिला एम.2 स्लॉट (अशी एसएसडी बसवायची खाच) थेट प्रोसेसरला जोडलेला, त्यात योग्य प्रोसेसर असेल तर पीसीआय एक्सप्रेस जनरेशन 4 ची एसएसडी सेकंदाला सात हजार एमबीपर्यंत जाते, पण तीच चिपसेटकडच्या स्लॉटमध्ये टाकली की साडेतीन हजारावर अडकते, कारण चिपसेटच्या लेन्स जनरेशन 3 च्या आणि चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ताही जनरेशन 3 च्या चार लेनचाच, आणि साटा, यूएसबी, नेटवर्क सगळे त्याच रस्त्याने जाणार. एएमडीच्याच एक्स570 चिपसेटमध्ये तो रस्ता जनरेशन 4 चा आहे, तिथे एकटी एसएसडी असेल तर फारसं अडत नाही. आणखी एक, बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.2 स्लॉटमध्ये काही टाकलं की दोन साटा पोर्ट्स गपचूप बंद होतात, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात एक कोष्टक असतं त्यात कुठली ते दिलेलं असतं. ते एसएसडी बसवायच्या आधी वाचा, नाहीतर हार्ड डिस्क गेली समजून केबली बदलत बसाल.