बर्लिन १९३६ : चौकटीत काय आले, काय नाही

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांचा ‘ओलिंपिया’ हा चित्रपट पाहताना त्याच्या कारागिरीपुढे मान तुकवावीच लागते, आणि नेमके तेच मला अस्वस्थ करते. उडी घेणारा खेळाडू आकाशाच्या पार्श्वभूमीवर भव्य दिसावा म्हणून मैदानात खड्डे खणून त्यांत कॅमेरे बसवले गेले. सूर मारणाऱ्यांच्या दृश्यमालिकेत तर संकलनाच्या करामतीने पाणी हळूहळू विसरायला होते आणि हवेत तरंगणारे देह तेवढे उरतात. बांबूउडीची अंतिम फेरी अंधारापर्यंत लांबल्याने चित्रण नीट जमले नाही, तेव्हा खेळाडूंकडून ती पुन्हा करवून घेण्यात आली. (याला माहितीपट म्हणायचे का, हा वाद वेगळाच!)

निर्मितीसंस्था वरकरणी खासगी असली, तरी पैसा नाझी सरकारचा होता, आणि पहिला खेळ झाला तो २० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी.

चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूला चित्रपटात भरपूर जागा मिळाली आहे, हा रीफेनश्टाल यांच्या समर्थकांचा आवडता मुद्दा. मला तो लंगडा वाटतो, कारण यजमान देश उदार दिसावा हेच तर त्या राजवटीला हवे होते. राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी करूनही ग्रेटेल बेर्गमान या ज्यू उंचउडीपटूला संघातून वगळले गेले. स्पर्धेपूर्वी बर्लिनमधल्या रोमा (‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) कुटुंबांना मार्त्सानच्या छावणीत डांबले गेले. त्यांच्याकडे कॅमेरा वळलाच नाही.