दोन उन्हाळ्या

पदवीच्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिसंग्रहासाठी मी शेंगावर्गीय रानझाडं निवडली. सोलापूरच्या मुरमाड माळावर ती भरपूर, त्यामुळे काम लवकर उरकेल असं वाटलं होतं. पण त्यातल्याच दोन सख्ख्या बहिणींनी मला श्रावणापासून दिवाळीपर्यंत अडकवून ठेवलं.

हिप्परगा तलावाच्या वरच्या अंगाला, माळावर, मला उन्हाळी सापडली. हिलाच शरपुंखा म्हणतात. तिची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातलं एक छोटं पान, टोकाला धरून ओढली की सरळ फाटत नाही, बाणाच्या पिसाऱ्यासारखी खाच पडून तुटते. बाजूच्या शिरा अगदी जवळजवळ, एकमेकींना समांतर आणि तिरप्या असतात म्हणून. पाच-सहा पावलांवर दुसरं झुडूप होतं, जरा राखाडी दिसणारं. त्याचंही पान ओढलं. तीच खाच! शेळ्या घेऊन आलेल्या आजी थांबल्या, "काय शोधायलीस गं पोरी?" मी दोन्ही डहाळ्या दाखवल्या. "दोन्ही उन्हाळीच की."

घरी येऊन दोन्ही एकाच नावानं रद्दीत दाबल्या. ही माझी चूक. कॉलेजातल्या मॅडमनी भिंग हातात दिलं आणि पाकळ्यांखालची हिरवी वाटी बघायला सांगितली. पहिलीचे दाते आखूड. दुसरीचे वाटीच्या खालच्या नळीपेक्षा कितीतरी लांब, सुईसारखे, वर पिसासारखी लव. "आता शेंगा आण," एवढंच म्हणाल्या.

शेंगांसाठी थांबावं लागलं. मधे दोन चकरा फुकट गेल्या. भाद्रपदात एकदा सकाळी लवकर पोचले, तेव्हा माळावर दव होतं. राखाडी झुडपाच्या प्रत्येक शेंगेवर पांढरी दाट लोकर, आणि दवाचे थेंब त्या केसांच्या टोकांवरच अडकलेले, सालीपर्यंत एकही पोचला नव्हता. शेंग टोकाकडे चांगलीच वाकडी. शेजारच्या साध्या उन्हाळीच्या शेंगा चपट्या, टोकाशी किंचित वर वळलेल्या, आणि लव इतकी विरळ की बोटाला लागतही नव्हती. तिथेच खाली बसून मी दोन्हींची चित्रं काढली.

शास्त्रीय नावानं साधी ती टेफ्रोसिया परप्युरिया, केसाळ ती टेफ्रोसिया व्हिलोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये दोघींना क्राक्का या प्रजातीत घातलं होतं. पर्सून या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1807 मध्ये त्यांना टेफ्रोसियात आणलं. 'टेफ्रॉस' म्हणजे ग्रीकमध्ये राखेच्या रंगाचा. माझ्या मते हे नाव केसाळ बहिणीलाच जास्त शोभतं.

ओळखायला पान पुरत नाही, हे मी नोंदवहीत लाल शाईनं लिहिलंय. साध्या उन्हाळीची लवही जागेप्रमाणे कमीजास्त होते, त्यामुळे नुसत्या केसाळपणावरही जाऊ नका. शेंग आणि वाटीचे दाते एकत्र बघा.

दोन्ही नमुने आता कागदावर डकवून झालेत. तिसरा एक नमुना अजून दाबात आहे. पानं बरीच लवदार, पण फूलही नाही, शेंगही नाही. त्याच्या चिठ्ठीवर सध्या फक्त जागा आणि तारीख आहे.