हॅश जुळला, पेनड्राइव्ह नाही

आत्याचा लॅपटॉप तसा धडधाकट आहे, फक्त विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून तिचं एकच पालुपद होतं, "अगं, मग हा टाकून द्यायचा का?" टाकायचा कशाला, विंडोजऐवजी लिनक्स घालू, तासाभराचं काम आहे, असं मी मोठ्या तोंडाने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी बसले ती रविवारी रात्री उठले.

आधी बॅकअप. एका जुन्या २ जीबीच्या पेनड्राइव्हवर माझं क्लोनझिला (डिस्कचा बॅकअप घेणारं साधन) कायम तयार असतं, त्यावरून लॅपटॉप बूट केला, म्हणजे सुरू केला, आणि अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायला लावली. क्लोनझिला फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं, त्यामुळे ५०० जीबीची डिस्क असली तरी इमेज तेवढी होत नाही. पहिल्या वेळी त्याने विंडोजच्या पार्टिशनला (डिस्कवरच्या त्याच्या भागाला) हात लावायलाच नकार दिला. कारण ठरलेलं, फास्ट स्टार्टअप. आपण 'शट डाउन' म्हणतो तेव्हा विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि पार्टिशन तसंच अडकवून ठेवतं. शिफ्ट धरून बंद केलं, मग सुरळीत झालं. शेवटी 'इमेज रिस्टोर होईल का ते तपासू का?' असं विचारलं जातं. मी हो म्हटलं, आणि तिथे अर्धा तास निमूट बसले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी जे केलं ते याच्या अगदी उलट होतं.

मग इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह. आयएसओ, म्हणजे लिनक्सच्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकसंध फाइल, सहा जीबीच्या आसपास होती. उतरवून झाल्यावर तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ठसा) काढला, संकेतस्थळावरच्या चौसष्ट अक्षरांशी ताडून पाहिला, जुळला. इथवर मी शहाणी. मग डीडी, इमेज बाइटाला बाइट डिस्कवर उतरवणारी कमांड.

ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी: आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून तो बूट होत नाही, कारण बूट करणारा भाग फाइलसारखा कुठे 'ठेवायचा' नसतोच, तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला असावा लागतो. आयएसओ ९६६० या सीडीच्या मांडणीत पहिले ३२,७६८ बाइट, म्हणजे २०४८ चे सोळा सेक्टर, रिकामे सोडलेले असतात. हल्लीच्या हायब्रिड इमेज याच मोकळ्या जागेत एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट करणारा तुकडा) बसवतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून बघा: पहिल्या ५१२ बाइटांच्या शेवटी ५५ आणि एए अशी जोडी दिसते, आणि बरोबर ३२ केबी ओलांडल्यावर 'सीडी००१' ही पाच अक्षरं. एकच इमेज सीडी ड्राइव्हला सीडी वाटते आणि बायोसला (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) हार्ड डिस्क. मला हा प्रकार अजूनही फार गोड वाटतो.

डीडी देताना ओएफमध्ये, म्हणजे कुठे उतरवायचं तिथे, एसडीबी (माझ्याकडे अख्खा पेनड्राइव्ह) लिहायचं, एसडीबी१ (त्यातलं पहिलं पार्टिशन) नाही. इमेज पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिव्हाइसवर जाते. आणि एंटर मारण्याआधी एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) चालवून आकार वाचून घ्यायचा, कारण डीडी 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही. शेवटी एफसिंक जोडलं, म्हणजे कॅशमधला डेटा खरोखर खाली उतरेपर्यंत कमांड संपत नाही. संपली, चूक काही दाखवली नाही. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला.

बूट होताना स्क्रीनवर पेनड्राइव्हवरच्या फाइलींची तपासणी सुरू झाली. थांबवायची असेल तर कंट्रोल-सी दाबा. मी दाबलं. दरवेळी दाबते.

इन्स्टॉलर निम्म्याच्या पुढे जाऊन मेला. वाचताना चूक झाली, एवढंच म्हणाला. तोवर जुनी पार्टिशनं पुसून झाली होती, म्हणजे विंडोज नाही आणि लिनक्सही नाही. आत्या मागे उभी होती. "झालं का?" म्हणाली. तेव्हा त्या तपासलेल्या बॅकअप इमेजचा मला जो आधार वाटला, तो सांगता यायचा नाही.

मी आधी लॅपटॉपच्या रॅमवर संशय घेतला, मग डिस्कवर. पेनड्राइव्हचा विचार डोक्यात आलाच नाही, कारण हॅश तर जुळला होता! पण जुळला होता तो माझ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलचा. पेनड्राइव्हवर काय उतरलं ते कोणी पाहिलं होतं?

पेनड्राइव्ह काढून परत लावला (हे महत्त्वाचं आहे, नाहीतर लिहिल्यालिहिल्या वाचलेला डेटा रॅममधूनच येऊ शकतो आणि सगळं छान दिसतं). मग सीएमपी या बाइट ताडणाऱ्या कमांडने आयएसओ आणि डिव्हाइस ताडून पाहिलं, आयएसओच्या लांबीएवढंच. अख्ख्या पेनड्राइव्हचा हॅश काढून उपयोग नाही, पुढची उरलेली जागाही त्यात मोजली जाते. उत्तर आलं: फरक, बाइट ३,८१,४५,०६,४९७. त्यातून एक वजा केला (सीएमपी एकपासून मोजतं) तर ४०९६ ने बरोबर भाग जातो, म्हणजे गडबड ४०९६ बाइटांच्या ब्लॉकच्या सुरुवातीपासूनच. एकापाठोपाठ एक ब्लॉक, जिथे डेटा हवा तिथे नुसती शून्यं. लिहिताना पेनड्राइव्ह 'हो, लिहिलं' म्हणत गेला आणि डीडीने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

हे पडताळणं पेनड्राइव्हवरून एकदा बूट करण्याआधीच करायचं, कारण काही डिस्ट्रो (लिनक्सचे निरनिराळे प्रकार) पहिल्या बूटला उरलेल्या जागेत स्वतःचं पार्टिशन तयार करतात आणि मग फरक दिसणारच. रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याच्या आयएसओ मोडमध्ये पेनड्राइव्ह फॉरमॅट होऊन फाइली सुट्या कॉपी होतात, तिथे असं बाइटाला बाइट जुळणार नाही. डीडी मोडला जुळतं. व्हेंटॉय या दुसऱ्या साधनात तर आयएसओ फाइल म्हणूनच राहते, तिचा सरळ तिथेच हॅश काढा. विंडोजच्या मीडियाचं दुखणं वेगळं: त्यातली इन्स्टॉल डॉट विम ही फाइल चार जीबीच्या वर गेली की फॅट३२ या फॉरमॅटमध्ये मावत नाही, तुकडे करावे लागतात. पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

रविवारी दुसरा पेनड्राइव्ह घेतला. लिहिला, काढला, लावला, सीएमपी चालवलं. काहीच छापलं नाही, म्हणजे जुळलं. लॅपटॉपला लावला, तपासणी सुरू झाली, आणि माझी बोटं सवयीने कंट्रोलकडे गेली.

आत्याने हात धरला. "राहू दे गं, बघू दे त्याला."