आप्पांचे वीस रुपये

वीस रुपयांनी आज डोकं खाल्लंय माझं. भांडी घासताना तेच, सईचा पाढा घेताना तेच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग वाचले की तुझे वीस रुपये!" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणून लिहायला बसलेय.

घडलं ते एवढंच. कपिलतीर्थ मंडईतनं भाजी घेऊन येताना आप्पा, आमच्या गल्लीतल्या शटरच्या पायरीवर झोपतात ते, चहाच्या टपरीवर दिसले. नेहमीसारखे दोन चहा सांगितले, पिशवी गुडघ्यात धरली आणि पर्स उघडेपर्यंत आप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातनं नोटांची पुरचुंडी काढलीसुद्धा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी, त्यावर रबर. पोती ओढून बोटं फुटलीत, रबर काही सुटेना. टपरीवाला माझ्या तोंडाकडं बघतोय, घेऊ का नको. मी म्हटलं, "आप्पा, राहू द्या हो." तर म्हणाले, "का? माझ्या पैशाचा चा कडू लागतोय व्हय?"

हसत म्हणाले. पण तो चहा मला खरंच गेला नाही.

का गेला नाही? त्यांना ते पैसे लागतील म्हणून, हे मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत आले. ते काही खरं नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ट्रक लागला की आप्पा हमाली करतात, चांगली करतात. वय झालंय, पण पोती ओढायचा खांद्यावरचा हूक कधी उतरत नाही, झोपतानासुद्धा उशाला. मागं एकदा निमानं सांगितलं होतं, १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्यात हात पसरलाच पाहिजे असं नाही. पोटापाण्याचं दिसेल असं साधन नाही आणि रस्त्यावर भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरतोय, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरू शकतो. तेव्हापासून तो हूक दिसला की मला वाटतं, हेच त्यांचं ओळखपत्र. आधारवर पत्ता काय घालायचा यावर आमचं घोडं अजून अडलेलंच आहे.

मग का लागलं? एवढं करून शेवटी मला परकंच धरलं, असं काहीसं. ब्लँकेट दिलं, दाढेला औषध आणलं, बेघरांच्या निवाऱ्यात नेऊन सोडलं. गल्लीत दुसरं कोण विचारतं? वरच्या काकू तर त्या शटरसमोरनं जाताना नाकाला पदर लावतात. मी थांबते, बोलते, आणि माझाच हिशेब चुकता करून मोकळे?

निवाऱ्याचं आठवलं की अजून हसू येतं. किती जोरात होते मी! सुप्रीम कोर्टानं २०१० ला सांगितलंय, शहरात लाख माणसांमागं एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत आपलं कोल्हापूर साडेपाच लाखांच्या घरात, म्हणजे पाच तरी हवेत. हे सगळं मी त्यांना पायरीवर बसून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझं मन राखायला गेलेही. गादी होती, पंखा होता. थोड्याच दिवसांत परत पायरीवर हजर. "पहाटं ट्रक लागतोय ताई. तितनं येस्तोवर दुसरा गडी पोत्याला लागलेला आसतोय." एवढं साधं होतं. झोपायची जागा कामाजवळ पाहिजे. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही म्हणावं, तर विचारलं कुठं होतं मी? कायदाच सांगत होते.

आणि २०१९ च्या पुरानंतर, सगळे पंचनाम्याच्या रांगेत, तेव्हा मी विचारलं होतं, तुमचं काय? "माझं बुडायला काय हाय? पायरी धुतल्याली, बरं झालं." तेव्हाही हसत होते. त्यांच्या गावाचं, लेकाचं... जाऊ दे, ते आज नको.

मघाशी सईच्या कपाटात मीच लिहून दिलेलं २६ जूनचं भाषण सापडलं. शाहू जयंतीचं. अस्पृश्य म्हणून लोक ज्यांच्या हातचं पाणी घेत नव्हते त्या गंगाराम कांबळ्यांचं भाऊसिंगजी रोडवरचं हॉटेल, आणि शाहू महाराज तिथं खडखडा, म्हणजे आपली घोडागाडी, थांबवून चहा घेतात. कोल्हापुरात ही गोष्ट कुणाला पाठ नाही? हॉटेल काढायला मदत महाराजांचीच. म्हणजे देऊन झालं होतं. घरी चहा मिळत नव्हता अशातलाही भाग नाही. तरी भर रस्त्यात, लोकांच्या देखत, त्या हातचा कप घेतला. मी भाषणात 'समता' तीनदा लिहिलंय, खाली रेघ मारून. आणि गोष्ट ऐकताना आजवर मी कायम खडखड्यात बसलेली होते, हे आज लक्षात आलं! हॉटेलात कप पुढं करणाऱ्या माणसाच्या बाजूला कधी गेलेच नाही.

चहा गेला नाही कारण पर्स उघडायची माझी जागा गेली, बस. एरवी त्या टपरीवर मी ऐटीत उभी असते. आज नुसती भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली बाई झाले.

बरं, खरं सांगायचं तर या घरात सकाळ-दुपार-संध्याकाळ सगळ्यांचा चहा मीच टाकते. पाहुण्यांचाही. मला कुणी शेवटचा चहा कधी पाजला ते काही केल्या आठवेना. आणि आज पाजला तर मी तोंड पाडून बसले. ह्यांनी तर लग्नाआधी पाजला होता तेवढाच, तोही अर्धा अर्धा.

शनिवारी आप्पांना बीपी तपासायला न्यायचंय. ते रिक्षाचे पैसे काढणार, नक्की काढणार. काढू देत. मी फक्त आधीच सांगून ठेवणार आहे की येताना भडंगपण लागेल.