माइकचं इनपुट गायब? आधी साउंड चिप ओळखा

श्रावणात कानबाईची गाणी असोत की एरवी आजीच्या तोंडच्या अहिराणी ओव्या, घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करणारे धुळे-जळगावात पुष्कळ आहेत. मशीन बहुधा जुनं, त्यावर विंडोज नव्याने टाकलेलं. स्पीकरमधून आवाज येतो, पण रेकॉर्डिंगच्या यादीत माइक नाही, लाइन-इन (मिक्सरसारख्या यंत्राचा आवाज घेणारं इनपुट) नाही. अशा वेळी 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' करणारं सॉफ्टवेअर उतरवू नका. ती सॉफ्टवेअरं कधी भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर (साउंड चिप विंडोजला चालवता यावी म्हणून लागणारा प्रोग्रॅम) बसवतात आणि आहे तो आवाजही जातो.

इनपुट खरंच गेलंय की नुसतं लपलंय, हे आधी पाहा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'mmsys.cpl' (मधे जागा न सोडता) टाइप करून एंटर दाबा. रेकॉर्डिंग टॅबमध्ये मोकळ्या जागी राइट-क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' आणि 'शो डिस्कनेक्टेड डिव्हाइसेस' या दोन्हींवर टिक करा. फिकट दिसणारा माइक तिथेच 'एनेबल' होतो. माइक यादीत आहे पण प्रोग्रॅमला आवाज मिळत नाही, तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग मायक्रोफोन उघडून डेस्कटॉप अ‍ॅप्सची परवानगी चालू करा. ही परवानगी बंद असेल, तर ड्रायव्हर कितीही नवा टाकला तरी उपयोग नाही.

यादी तरीही रिकामीच असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' लिहिलेलं असेल, तर विंडोजचा सामान्य ड्रायव्हर बसलाय. आवाज ऐकवण्यापुरता तो ठीक. पण तुमच्या बोर्डवरचं लाइन-इन किंवा स्टिरिओ मिक्स (कॉम्प्युटरमध्येच वाजणारा आवाज रेकॉर्ड करणारं इनपुट) तो दाखवेलच असं नाही. त्या नावावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे 'व्हेन' (VEN) पुढचा कोड वाचा: १०ईसी (10EC) म्हणजे रिअलटेक, १४एफ१ (14F1) म्हणजे कोनेक्झंट, दोन्ही साउंड चिपच्या कंपन्या. ८०८६ इंटेलचा, १०डीई एनव्हिडियाचा, १००२ एएमडीचा. हे तीन बहुतेकदा एचडीएमआयमधून टीव्हीला आवाज देणारे असतात, आणि तेव्हा माइकशी त्यांचा संबंध नसतो. चुकीच्या ओळीवर ड्रायव्हर अपडेट करत बसण्याची चूक इथेच होते.

ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल नंबर टाकून घ्या. त्याच चिपभोवती प्रत्येक कंपनी जॅकची मांडणी वेगळी करते. नव्या लॅपटॉपमध्ये आतला माइक बऱ्याचदा इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीवर चालतो. त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, आणि तो नसेल तर नुसत्या रिअलटेकने माइक परत येत नाही.

बसवण्याआधी रिस्टोअर पॉइंट (विंडोजची आत्ताची स्थिती जपून ठेवणारी नोंद) करा. जुना ड्रायव्हर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'ने काढताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीत टिक करा, नाहीतर विंडोज तोच परत उचलतं. नवा टाकल्यावर शटडाउन नको, रिस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने सिस्टीम पूर्ण नव्याने सुरू होत नाही. नवा बसवून बिघडलं, तर आधी केलेल्या रिस्टोअर पॉइंटवर परत जा.

एवढं करूनही माइक नाही, तर वायर बघा. डेस्कटॉपच्या मागे गुलाबी छिद्र माइकचं, निळं लाइन-इनचं. ऑर्केस्ट्राच्या मिक्सरचं आउटपुट निळ्यात लावा. गुलाबीत दिलं तर आवाज फाटतो. पुढचा जॅक चालत नसेल पण मागचा चालत असेल, तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) फ्रंट पॅनेल 'एचडी' आहे की 'एसी९७' (पुढच्या जॅकच्या वायरिंगच्या दोन पद्धती) ते तपासा आणि कॅबिनेटच्या वायरीप्रमाणे निवडा. लॅपटॉपला एकच छिद्र असेल तर पिनवर दोन काळ्या कड्या असलेला साधा माइक त्यात ओळखला जात नाही. माइक-हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागतो. जिनिंगच्या हंगामात कापसाची धूळ जॅकमध्ये बसते आणि पिन आत जाऊनही संपर्क नीट होत नाही. मशीन बंद करून कोरड्या हवेने जॅक साफ करा.

यूएसबी माइक किंवा यूएसबी मिक्सरला यातलं बहुतेक लागू नाही. तो रिअलटेकला वळसा घालून बहुधा विंडोजच्याच यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर चालतो. तो दिसत नसेल तर केबल बदला आणि हबऐवजी थेट मागच्या पोर्टला लावा. बोर्डवरची चिपच गेली असेल, तर साधं यूएसबी साउंड कार्ड लावून गाणी रेकॉर्ड करायला घ्या.