बागेचं दप्तर लावताना

आमच्या कॉलेजच्या वनस्पती उद्यानाच्या नोंदी नव्यानं लावायचं काम माझ्याकडे आलं ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, पाहणीच्या निमित्तानं. वरून मागणी एवढीच होती की प्रत्येक झाडावर क्यूआर कोडची पाटी हवी. पाट्या काय, चार दिवसांत छापून मिळतात. पण स्कॅन केल्यावर दिसणार काय? बाभळीबद्दलची जी माहिती कुठेही मिळते तीच दाखवायची, तर त्यासाठी बाग कशाला हवी! हे झाड कुठून आलं, कुणी आणलं, कधी लावलं, हे मात्र आमच्याशिवाय कुणाकडे नाही. आणि नेमकं तेच तीन ठिकाणी विखुरलेलं: कापडी बांधणीच्या जुन्या रजिस्टरांत, कॉम्प्युटरवरच्या एका यादीत आणि माळीमामांच्या डोक्यात.

यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली. उघडली की नुसता अक्षरांचा काला. कन्व्हर्टरमधून काढल्यावरही जोडाक्षरांचा भुगाच हाती आला. ती बाजूला ठेवली आणि रजिस्टरावरून सगळं पुन्हा टाइप केलं.

पद्धत जगभरच्या उद्यानांत चालते तीच धरली. क्रमांक जातीला नाही, बागेत आलेल्या खेपेला द्यायचा: आधी वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रम. एका खेपेतून पाच रोपं लागली तर पुढे तिरकी रेघ देऊन १ ते ५. झाड मेलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही आणि ओळही पुसायची नाही. स्थितीच्या रकान्यात 'मृत' लिहून तारीख टाकायची. एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक सांगते: क्रमांकाचा रकाना टायपिंगच्या आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर १९९६-११ चा बघता बघता नोव्हेंबर ९६ होतो.

सगळ्यात मोलाचा रकाना उगमाचा. त्यासाठी चार अक्षरं ठरलेली आहेत: थेट रानातून आणलेल्याला डब्ल्यू, रानातल्या झाडापासून बागेत वाढवलेल्याला झेड, नर्सरी वगैरेतून आलेल्याला जी आणि माहितीच नसेल तर यू. शिंदळ माकुडीसारखी सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवणारी वनस्पती कुंडीत छान फुलत असेल, पण ती शिवनेरीची की आणखी कुठली हे लिहिलेलं नसेल, तर उद्या तिला परत कड्यावर लावायची वेळ आली की ती कुंडी फारशी कामाची नाही.

हा रकाना भरायला मामांशिवाय गत्यंतर नव्हतं. रजिस्टरात एका खेपेची जागा लिहिलेली 'विहिरीमागे, पूर्वेस'. विहीर कधीच बुजली, तिथं आता पार्किंग आहे. मामा म्हणाले, "मॅडम, हीर बुजवली तवा त्यातली दोन काढली. तिसरा हा, ट्रान्सफॉर्मरपाशी. आणि हा आंबोलीचा न्हाई बरं का, नर्सरीचा. आंबोलीचा वरच्या वाफ्यात. सरांनी पिशवीतनं आणलेला, मी लावलाय." मग 'माहितीचा आधार' असा आणखी एक रकाना वाढवला: रजिस्टर, पाटी किंवा तोंडी, तोंडी असेल तर कुणी, कधी सांगितलं तेही.

जागेसाठी मोबाइलच्या जीपीएसवर विसंबता येत नाही. दाट झाडीखाली तो काही मीटर इकडेतिकडे जातो आणि तेवढ्यात शेजारचं झाड येतं. आम्ही दोन पक्क्या खुणांपासून टेपनं अंतर घेतलं. लँडस्केप आर्किटेक्टचा देखणा नकाशा होता, पण त्यात लावायची ठरलेली झाडं होती, जगलेली वेगळीच.

शास्त्रीय नावांचं फार मनावर घेतलं नाही. २००५ साली व्हिएन्नात भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियाकडच्या झाडांकडे गेलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया झाला. जुनं नाव खोडायचं नाही, वेगळ्या रकान्यात ठेवायचं. नाहीतर जुन्या हर्बेरियम शीटचा (कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्याचा) आणि झाडाचा संबंधच तुटतो.

लागवडीच्या वर्षाचा उपयोग मात्र अनपेक्षित ठिकाणी झाला. इस्टेट विभागाला पाइपलाइनसाठी चर खणायचा होता आणि वाटेत एक जुनं झाड. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. वयावर बैठकीत वाद सुरू झाला तेव्हा मी रजिस्टरातलं पान उघडून पुढे सरकवलं. लागवड १९६८. चर्चा तिथंच थांबली.

पाट्या शेवटी लावल्या, त्याही ज्यांची ओळ पूर्ण भरली होती त्याच झाडांवर. पाटी खिळ्यानं घट्ट ठोकली तर काही वर्षांत साल तिला गिळून टाकते, म्हणून स्टेनलेस स्क्रू आणि मागे स्प्रिंग. समितीनं दोन-तीन पाट्या स्कॅन केल्या आणि पुढच्या विभागाकडे गेली. आम्ही आता वेलींकडे वळलोय. एकाच मांडवावर चार खेपांच्या वेली एकमेकींत गुंतल्यात आणि कुठली कुठल्या खेपेची हे मामांनासुद्धा बुंध्यापाशी बसून शोधावं लागतंय.